ताटी सुकेपर्यंत

आमच्या पोरीला मी घरी शिकवलं असं सांगितलं की आजकालच्या सुना कौतुकानं बघतात. कसलं कौतुक! पहिला महिनाभर मी शिकवत नव्हतेच, नुसती ओरडत होते. गल्लीतल्या बायकांना पाचवीचा इतिहास माझ्या ओरडण्यावरून पाठ झाला असेल, एक माझ्या पोरीला तेवढा झाला नाही.

सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं. आम्ही नागपुरात इंदोऱ्याला राहायचो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे अंगण. हे एका सरकारी कचेरीत कारकून. पोरगी दहा वर्षांची, एकुलती एक. पोळा झाला आणि तिला तापानं धरलं. ताप उतरला तर गुडघे सुजले, गुडघे उतरले तर मनगटं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की हा सांध्यांचा ताप आहे, हृदयाला धक्का लागलाय. दर एकवीस दिवसांनी सुई. धावणं नाही, जिने नाहीत, आणि पुढं सांगेपर्यंत शाळा नाही.

संक्रांतीपर्यंत ती खाटेवर होती. सुरुवातीला तिच्या वर्गातल्या मुली शाळा सुटल्यावर आत यायच्या, खाटेच्या कडेला बसून चाललेल्या धड्याचं सांगायच्या. मग त्या रस्त्यावरूनच हात हलवायला लागल्या. मग तेही राहिलं. लाल रिबिनी दारावरून पुढं जायच्या आणि माझी पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपायची. ते बघून माझा जीव तुटायचा. खोटं कशाला बोलू, रागही यायचा, त्या पोरींचा आणि जगाचाच.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतं. छप्पन साली माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर आमच्या घरात जेवणाच्या आधी अभ्यासाचं विचारलं जायचं. पण पुढच्याच वर्षी माझी आई गेली, मागची तीन लेकरं माझ्या अंगावर पडली आणि नववीतून माझं नाव कमी झालं. ते दुखणं मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण माझ्या पोरीचं नाव कुठल्याही शाळेच्या हजेरीतून कमी व्हायचं नाही, हे मी मनाशी धरून बसले होते.

जानेवारीत डॉक्टर म्हणाले, बसून वाचू-लिहू द्या. मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई फार कमी बोलायच्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एप्रिलची परीक्षा तिला झेपणार नाही. जूनमध्ये फेरपरीक्षा असते. तीन दिवस तीन पेपर, एकेक अडीच तासांचा. पास झाली तर सहावीत बसवते."

घरी येऊन यांना सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना हे म्हणाले, "एक डाव बसू दे तिले परीक्षेले. जमलं तर ठीक. नाही जमलं तर शाळेचं नाव काढायचं नाही या घरात. जीव मोठा का शाळा मोठी?"

वाईट माणूस नव्हता तो. पोरगी झोपली तरी तिच्या छातीवर कान ठेवून ठोके ऐकणारा बाप होता. त्याला वाटायचं, पोरगी जिवंत आहे ना, बस झालं. पण ते बोलले तेव्हा पोरगी मधल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. ती मागं फिरून खाटेवर जाऊन बसली.

मग काय, मी कंबर कसली. मला शाळा म्हणजे काय ते नववीपर्यंतच माहीत, म्हणून मी हुबेहूब तशीच शाळा घरात उभी केली. भिंतीवर वेळापत्रक लावलं. सात तास. तास बदलला की पितळेची थाळी वाजवायची. पोरीला गणवेश घालून बसवायची, दोन वेण्या, रिबिनी सगळं. खिडकी बंद, मधलं दार बंद. शेजारच्या बाईला सांगून आले की दुपारी रेडिओ हळू लाव. आणि मी पोरीसमोर पाटावर बसायची, निवडायला तांदूळ घेऊन. पण तांदळाकडे कुठलं लक्ष! माझे डोळे तिच्या डोळ्यांवर. तिची मान जरा वर झाली की मी म्हणणार, "पुस्तकात पाय," म्हणजे पाहा. छताकडे गेली की, "पुस्तकात पाय." माशी उडाली तर माशीआधी माझा आवाज.

आणि तिला उठावं लागू नये म्हणून सगळं मीच करायची. पेन्सिलीला टोक मी काढणार, पाणी मी देणार, पान उलटायला अडलं तर तेही मी. आजारी पोर, कशाला उठवायचं? आणि उठली की लक्ष उडतं, हे माझं पक्कं गणित.

पंधरा-वीस दिवसांनी चमत्कार झाला. पोरगी तासन्तास मान खाली घालून बसायला लागली. डोळे ओळीवरून पुढं सरकायचे, पान वेळेवर उलटायचं. मी यांना म्हटलं, "पाहा जी, कशी बसते आता. एक वेळ मान वर करत नाही." हे म्हणाले, "हो, बसते तर खरी." मी इतकी खूश की त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी धडा विचारला. तिला एक ओळ येत नव्हती. मागचा धडा विचारला, तोही नाही. काल शेवटी जे पान उघडं होतं त्यावर चित्र कशाचं आहे एवढं विचारलं, तेसुद्धा सांगता येईना. माझं डोकंच फिरलं. मी हात उचलला आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

पोरगी रडली नाही. म्हणाली, "माय, तूच म्हणतं ना, पुस्तकात पाय म्हणून. मी पायतच होती."

मी तांदळाचं सूप उचललं आणि अंगणात जाऊन बसले. ज्या लेकराच्या छातीला आम्ही फुलासारखं जपत होतो, त्याच्या पाठीत मी मारलं होतं. आणि ती खोटं बोलत नव्हती. मी जे मागितलं ते तिनं दिलं होतं. मला तिचे डोळे पाहिजे होते, तिनं डोळे पुस्तकाला बांधून ठेवले आणि आतून निघून गेली. कुठं जायची ते मी कधी विचारलं नाही. मला फार लाज वाटली, आजही वाटते.

थाळी त्या दिवसापासून बंद झाली. गणवेश पेटीत गेला. पण त्याच्या जागी काय करायचं ते मला कळेना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. थोडं वाचायची, थोडं लिहायची. तोंडी हिशेब विचारला तर पटकन सांगायची, पोरगी ढ नव्हती. पण एक गणित कागदावर मांडलं की अर्ध्यात तिचं मन उठून जायचं. मी आता ओरडत नव्हते, नुसती बघत राहायची, आणि जून जवळ येत होता.

एप्रिलमध्ये नागपूर तापायला लागलं. यांच्या कचेरीत दर उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या नव्या ताट्या लागायच्या, आणि त्यावर दिवसभर पाणी मारायला एक माणूस ठेवलेला असायचा. जुन्या ताट्या काढून टाकायचे. त्यातली एक बरी बघून यांनी सायकलला बांधून घरी आणली, पोरीच्या खोलीच्या खिडकीला लावली. खाली बादली ठेवली. ताटी ओली असली की बाहेरची लू आत येताना गार होते आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटतो. सुकली की तीच ताटी भट्टीचं दार. ऐन उन्हाळ्यात दहा-बारा मिनिटांत सुकायची. पाणी अर्थातच मी मारायची. पोरीनं का उठावं?

मे महिन्यात एक दिवस मी अंगणात कुरडया घालत होते. गव्हाचा चीक शिजवून गरम असतानाच साच्यातून पाडावा लागतो. थंड झाला की साच्याच्या छिद्रातून उतरत नाही, सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, उन्हात खाट टाकलेली, घामाच्या धारा. तेवढ्यात आतून पोरगी म्हणाली, "माय, ताटी सुकली."

मी चिडून म्हटलं, "मंग मार ना वं तूच पाणी. मी काय चार हाताची आहो?"

आत पाणी फेकल्याचा आवाज आला. मग शांतता. मी पुढची कुरडई पाडली. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, पुन्हा शांतता. मी कामात होते, माझं लक्ष नव्हतं. तासाभरानं चीक संपला, हात धुतले, आत गेले. पोरीचे पाय ओले, फ्रॉकचा घेर ओला, फरशीवर पाणी. मी बोलायला तोंड उघडलं आणि वहीकडे पाहिलं. पाच गणितं सोडवलेली होती. भागाकाराची, लांबलचक. मी तिथंच उभ्यानं तपासली. चार बरोबर होती.

आदल्या दिवशी अख्ख्या दुपारीत दोन झाली होती, माझ्या मांडीला मांडी लावून.

"कशी केली वं एवढी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "एक डाव पाणी मारलं, की ताटी सुकेपर्यंत एक गणित. सुकायच्या आत झालं पायजे. मंग उठाचं, पाणी माराचं, मंग दुसरं."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर उठू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला होता, आणि पोरीला उठायलाच पाहिजे होतं. दहा मिनिटं मन लावायचं, दहा पावलं चालायचं, हातानं काही करायचं, परत यायचं. तिला आपली वेळ संपलेली दिसत होती, नाकाला कळत होती. माझ्या वेळापत्रकातला तास तिला कधी दिसलाच नव्हता.

आता शहाण्या बाईनं गप्प बसायचं की नाही? पण गप्प बसेल ती मी कसली. दुसऱ्याच दिवशी मी नियम केला, एका पाण्याला दोन गणितं. झालं, सगळा खेळ बिघडला. पोरगी ताटीकडेच बघत बसली, घाईत बेरजा चुकल्या, रडकुंडीला आली. संध्याकाळी मी कान पकडले. तिला म्हटलं, "तुझ्या ताटीत मी आता बोलणार नाही." आणि नाही बोलले. तांदूळ निवडायला ओसरीत जाऊन बसायला लागले. फार कठीण गेलं मला ते, पोरीपेक्षा माझीच परीक्षा होती.

यांचं प्रकरण वेगळंच. एक दिवस दुपारी लवकर घरी आले आणि पोरीच्या हातात लोटा बघितला. बूटसुद्धा काढले नाहीत. "काहून वं, पोरीले पाणी भराले लावून राहिली? छातीवर जोर पडते तिच्या, समजते का तुले?"

मी म्हटलं, "अर्धा लोटा आहे जी. उचलून पाहा."

त्यांनी खरंच लोटा उचलून बघितला. तरी समाधान झालं नाही. पोरीच्या हातून घेतला आणि स्वतःच संध्याकाळपर्यंत पाणी मारत बसले. त्या दिवशी पुढं एकही गणित झालं नाही. पोरगी मला म्हणाली, "बाबाले कचेरीत जायाले सांग ना." पुढच्या सुईला आम्ही तिघं दवाखान्यात गेलो तेव्हा यांनी डॉक्टरांना माझी तक्रार केली. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, लोट्याचं काही नाही, उलट थोडं चालू द्या, बसून बसून पाय कमजोर झालेत. घरी आल्यावर यांनी बादली भरून खिडकीशी ठेवली, आणि लोट्याऐवजी एक छोटा डबा शोधून आणला, तो धरायला सोपा होता.

मेच्या शेवटी मला नवीनच काळजी लागली. पोरगी दहा मिनिटं बसत होती, ठीक. पण परीक्षेच्या खोलीत ना ताटी, ना बादली. अडीच तास बाकावर बसायचं आहे. दहाचे दीडशे कसे करायचे? आणि मी तोंड घातलं की बिघडतं, हे तर ठरलेलं.

ते काम हवेनं केलं. जून लागला, आभाळ भरून यायला लागलं, पण पडायचं काही नाव नाही. नागपुरातल्या माणसाला ते दिवस माहीत आहेत. अंग चिकचिक करतं, घाम सुकत नाही. आणि घाम सुकत नाही तशी ताटीही सुकत नाही. दहा मिनिटांची वीस झाली. एक दिवस पोरगी मला ओसरीत येऊन म्हणाली, "माय, ताटी सुकूनच नाही राहिली."

"मंग बस," मी म्हटलं. "सुकली की उठजो."

ती गेली. मी घड्याळाकडे बघितलं. त्या दिवशी पंचवीस मिनिटं. दोन-तीन दिवसांनी चाळीस. ती उठायची, ताटीला हात लावून बघायची, ओली लागली की परत बसायची, आणि बसली की पुढचं गणित घ्यायची, कारण नियम तिचाच होता, माझा नव्हता. एका गणिताची दोन झाली, दोनाची चार. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सव्वा तास बसली. मी ओसरीत मूग गिळून होते. हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, यांनासुद्धा नाही. बोललं आणि दृष्ट लागली तर?

पहिले दोन पेपर मराठी आणि इतिहास-भूगोल. ते बरे गेले असं ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी गणित. हे त्या दिवशी सुट्टी काढून शाळेच्या फाटकापर्यंत आले, पण आत आले नाहीत. सायकल धरून रस्त्यापलीकडे उभे राहिले. मी व्हरांड्यात थांबले. वर्गाची खिडकी गजांची, अर्धी उघडी. आत फेरपरीक्षेला बसलेली सात-आठ मुलं. माझी पोरगी तिसऱ्या बाकावर, माझ्याकडे पाठ.

पहिला अर्धा तास तिची मान खाली होती. मान खाली असण्याचा मला काय भरवसा! मान खाली घालून अख्खं जग फिरून येणारी पोरगी ती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, वही दिसत नव्हती. हात हलतोय का एवढंच बघत होते. हलत होता. मग थांबला. मग तिनं मान वर करून फळ्याकडे बघितलं. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडाशी ते जुने दोन शब्द आले. मी पदर तोंडात धरला आणि खांबाच्या मागे झाले, की तिनं वळून बघितलं तर मी दिसू नये. तिथं उभी राहून मी काय काय कबूल केलं असेल! पुन्हा कधी हात उचलणार नाही. नापास झाली तरी बोलणार नाही. फक्त तिचं नाव कमी होऊ देऊ नका. कुणाला सांगत होते तेही मला माहीत नव्हतं.

पुन्हा डोकावले तर मान खाली, हात चालू. तास झाला. दीड तास झाला. दोन मुलं पेपर देऊन निघून गेली. पावणेदोन तास झाले असतील, आणि माझी पोरगी बाकावरून उठली.

संपलं, म्हटलं. नाही बसवलं तिच्यानं. अजून पाऊण तास बाकी, आणि ही उठली. ती सावकाश चालत परीक्षेवरच्या बाईंच्या टेबलाकडे गेली. बाईंनी मान वर करून काही विचारलं. तिनं उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या यांना मी आता काय सांगू, एवढंच डोक्यात आलं.

बाईंनी खण उघडला. एक कोरा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. ती वळली, तसा मला तिचा चेहरा दिसला. मला तिनं बघितलं नाही. खिडकी, व्हरांडा, काहीच बघितलं नाही. बाकावर येऊन बसली, कागद वहीला जोडला आणि लिहायला लागली.

निकाल आठ दिवसांनी लागला. पास झाली, सहावीत बसली, गणितात तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच मिळाले. निकालाच्या दिवशी यांनी पेढे आणले, गल्लीत वाटले. मी हसत होते. रडून घेतलं होतं मी आधीच, त्या व्हरांड्यात, खांबाला टेकून खाली बसून, पदराला डोळे पुसत.

तेव्हाच शाळेचा म्हातारा शिपाई घंटेकडे जाता जाता माझ्याजवळ थांबला. "काहून रडून राहिल्या, बाई? पोरगी नापास होते काय?"

"नाही जी, भाऊ," मी म्हटलं. "कागद पुरला नाही तिले."